पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या

कोणत्याही जुन्या तीर्थाच्या गावी जावे आणि घाटाच्या पायऱ्या कोणी बांधल्या म्हणून विचारावे, तर उत्तर बहुधा एकच येते. अहिल्याबाईंनी. कधी ते खरे असते, कधी नसतेही. दुसऱ्या एखाद्या सरदाराने किंवा सावकाराने बांधलेले कामही लोकांनी प्रेमाने त्यांच्या नावावर घालून ठेवले आहे. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. देवळे बांधणारे राजे आपल्या देशात पुष्कळ होऊन गेले. पण बांधलेली वास्तू दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी कोण पाहणार, तिथल्या दिव्याला तेल कोठून येणार, याची तजवीज बांधतानाच करून ठेवणारे थोडे. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने या थोर बाईंचे चरित्र आठवायचे ते मुख्यतः यासाठी.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, पण राजवाड्याचे नव्हे. मल्हारराव होळकरांनी ही मुलगी आपल्या खंडेरावासाठी पसंत केली आणि १७३३ साली लग्न झाले. पुढे १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली.

पाटलाच्या घरात वाढलेल्या मुलीला घर राखणे म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. मृगाच्या आधी कौले चाळायची, फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागली का ते पाहायचे, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, भिंतीला ओल आली तर ती वरून उतरते की जोत्यातून चढते हे ओळखायचे. शाकारणी चुकली की वर्ष चुकले. खेड्यातल्या कोणत्याही जाणत्या बाईला हे कळते. पुढे हिंदुस्थानभरच्या वास्तूंचा भार ज्यांनी वाहिला, त्यांचा पहिला धडा अशाच घरातला असणार.

सासरी आल्यावर मल्हाररावांनी सुनेला हिशेब शिकवला. स्वतः ते सदा मोहिमेवर. मागे वसुली, रयतेच्या तक्रारी, फौजेला पैसा आणि तोफखान्याला दारूगोळा पोचवणे ही कामे हळूहळू अहिल्याबाईंकडे आली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना परत फिरवले. आपल्या म्हातारपणाचा आधार आता तूच, अशी विनवणी त्यांनी केली. सुनेने ऐकले. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावही गेले. गादीवर नातू मालेराव बसला. तोही १७६७ साली वारला. बारा-तेरा वर्षांत नवरा, सासरा आणि मुलगा.

दौलतीला वारस नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांना बोलावले. दादा फौज घेऊन आले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याकडे पत्रे धाडली आणि लढायची तयारी ठेवली. बायकांशी लढून जिंकलो तर कौतुक नाही, हरलो तर तोंड दाखवायला जागा नाही, असा निरोप त्यांनी दादांना पाठवल्याची कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. दादा मुकाट्याने परतले. माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा कारभार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलूख, वसूल व न्याय अहिल्याबाईंकडे, अशी वाटणी झाली. ती पुढे अठ्ठावीस वर्षे, मधूनमधून कुरकुर होत का होईना, टिकली.

आता खासगीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळे त्यावर उभे आहे. होळकरांच्या मिळकतीचे दोन भाग होते. एक दौलत, म्हणजे सरकारी वसूल. त्यातून फौज आणि कारभार चालायचा. दुसरी खासगी, म्हणजे घरच्या बायकांच्या नावे असलेली जहागीर. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे ती लावून दिली होती. गौतमाबाईंच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. देवळे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. दौलतीच्या पैशाला त्यासाठी हात लावला नाही. खासगीच्या पैशावर तुळशीपत्र ठेवले आहे, असे त्या सांगत, ही आठवण परंपरेने चालत आली आहे. तुकोजींना मोहिमेवर पैशाची सदा टंचाई, त्यामुळे या पैशावरून दोघांत ताण पडायचा. पण देवाच्या नावे काढलेला पैसा दुसऱ्या नडीला वळवायचा नाही, यावर बाई ठाम राहिल्या. गावच्या देवस्थानाच्या पेटीवर ज्यांनी कधी काम केले आहे, त्यांना हा ताण नवा वाटणार नाही.

राजधानी त्यांनी नर्मदेच्या काठी महेश्वरला केली. किल्ल्यात राहता वाडा बांधला तो आजही पाहायला मिळतो. बाहेरगावचा माणूस तो पाहून थोडा निराशच होतो. राजवाडा म्हणावा असे त्यात काही नाही. लाकडी खांब, मधे चौक, वर कौले. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या देशमुखाच्या वाड्यासारखा. त्याच वाड्याखाली नर्मदेवर मात्र दगडी घाटाच्या रुंद पायऱ्या, बुरूज, कोरीव कमानी आणि देवळे. स्वतःसाठी कौले आणि देवासाठी, लोकांसाठी दगड, असा हिशेब दिसतो. कौलारू घर दरवर्षी हाताखाली राहते, म्हणून राहत्या माणसाला ते चालते. घाटावरून रोज हजार पावले जातात आणि पावसाळ्यात नर्मदा त्यावरून वाहते. तिथे दगडच हवा.

त्यांचा दिवस कसा जाई हे जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी माळव्यातल्या जाणत्या माणसांकडून विचारून लिहून ठेवले. सूर्योदयाच्या आधी तासभर उठायचे, पूजा, पोथीश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग स्वतःचे साधे जेवण आणि थोडी विश्रांती. अंगावर पांढरे वस्त्र. दोन प्रहरानंतर कचेरीत येऊन बसायचे ते सूर्यास्तापर्यंत. मग पुन्हा पूजा, फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागद. कोणीही गाऱ्हाणे घेऊन यावे, बाई स्वतः ऐकत. माल्कम परका होता आणि त्याला होळकरांची भाटगिरी करण्याचे कारण नव्हते, म्हणून त्याच्या लिहिण्याला मोल आहे.

या रोजच्या कागदांत लांबलांबच्या वास्तूंचेही कागद असणार. काशी, गया, सोरटी सोमनाथ, द्वारका, जगन्नाथपुरी, रामेश्वर, केदारनाथ, हरिद्वार. इकडे वेरूळ, चांदवड, पंढरपूर, जेजुरी. मुलूख दुसऱ्याचा असला तरी काम यांचे. तिथे जाऊन गवंड्याच्या शेजारी उभे राहणे त्यांना शक्य नव्हते. पण पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ, कलकत्ता येथे त्यांचे वकील होते. तीर्थांच्या ठिकाणी त्यांनी नोकरमंडळी नेमली होती आणि दरसालचा खर्च महेश्वरहून जात असे. दक्षिणेतल्या देवांच्या अभिषेकासाठी गंगेचे पाणी कावडीने पाठवण्याची सोयही होती. वर्षाला पैसा जायचा तर वर्षाला हिशेब यायचा, आणि हिशेब आला की कोठे काय झिजले, काय पडले हेही कळायचे. एकदाच मोठी देणगी देऊन मोकळे होणारा दाता आणि दरसाल थोडे देणारा दाता यांत फरक आहे तो इथे. दुसऱ्याला वास्तूची खबर लागत राहते.

एखादी वास्तू डागडुजीने निभावेल की नव्याने बांधावी लागेल, हा निर्णय जीर्णोद्धारात सर्वांत अवघड. अहिल्याबाईंच्या कामांत दोन्ही तऱ्हा दिसतात. सोमनाथला जुन्या देवळाची स्थिती अशी होती की त्यात पूजा चालू करणे शक्य नव्हते. तेव्हा १७८३ साली जवळच थोड्या अंतरावर दुसरे, आकाराने लहान देऊळ बांधून घेतले आणि देवाची पिंडी जमिनीखालच्या गाभाऱ्यात ठेवली. दिखाऊपणा गेला, पूजा टिकली. १९५१ साली जुन्या जागी मोठे मंदिर उभे राहिले तरी अहिल्याबाईंच्या देवळात आजही दर्शनाला जातात. काशीविश्वनाथाचे देऊळ त्यांनी १७८० साली नव्याने बांधले. पुढे पंजाबच्या रणजितसिंगांनी त्याच्या शिखराला सोने दिले. सोने सर्वांना दिसते, पण ते ज्या बांधकामावर चढले ते महेश्वरच्या बाईंनी उभारलेले. गयेला फल्गूच्या काठी विष्णुपद मंदिराचे काम १७८७ चे.

वेरूळच्या घृष्णेश्वराची हकीकत आपल्याला जवळची. त्या देवळाचा जीर्णोद्धार आधी शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी केला होता. त्यानंतर दीड-दोन शतकांनी होळकरांच्या घराण्यातून, आधी गौतमाबाई आणि मग अहिल्याबाई यांच्या हातून, तांबूस दगडातले आजचे देऊळ उभे राहिले. देव तोच, गाव तेच. इमारत मात्र पिढ्यांनी पुन्हा पुन्हा हाती घेतलेली.

दगडी देऊळ पडते कसे हेही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांचा समज असा की दगडाला काही होत नाही. देऊळ बहुधा वरून खराब होते. शिखरावर पाखरू बसते, त्याच्या विष्ठेतून पिंपळाचे किंवा वडाचे बी सांध्यात पडते. पहिल्या वर्षी दोन पानांचे रोप असते, ते पोरगाही उपटून टाकील. पाच वर्षांनी मूळ मनगटाएवढे होते आणि दगड सरकतो. पिंपळ तोडू नये म्हणून कोणी हात लावत नाही. पण दोन पानांचे असताना ते मुळासकट काढून दुसरीकडे लावायला कोणाची हरकत नसते. सांध्यातला चुना निघाला की पाणी आत शिरते आणि आतली भर धुऊन जाते. पन्हळ तुंबली की छताचे पाणी भिंतीवरून उतरते. गोमुखातून पडणारे पाणी जोत्याशी साचले की खालून ओल चढते आणि लोणा लागून भिंतीचा पापुद्रा सुटतो. यातल्या एकाही कामाला हजारांचा खर्च नाही. शिडी, फावडे, घमेलाभर चुना आणि दर्जा भरणारा एक गवंडी. न केल्यास मात्र वीस वर्षांनी वर्गणी काढावी लागते.

जुन्या चुन्याच्या कामावर सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग चढवण्याची पद्धत हल्ली गावोगाव पडली आहे. दिसायला ते नवे दिसते. पण चुन्यातून ओल बाहेर पडत असते, सिमेंट आणि रंग तिला आत कोंडतात, आणि दगड आतून पोखरत जातो. अहिल्याबाईंच्या काळच्या गवंड्यांपाशी चुनाच होता. घाणीत मळलेला, मुरवलेला. त्यांची कामे दोनशे वर्षांवर टिकली, त्यात या चुन्याचा वाटा आहे.

देवळांचे नाव होते, पण अहिल्याबाईंची साधी बांधकामे संख्येने फार. विहिरी, बारवा, धर्मशाळा, पाणपोया. कळस नाही, नक्षी नाही. वाटसरू रात्री टेकतो आणि सकाळी निघून जातो, त्यामुळे अशा वास्तूला आपले म्हणणारे कोणी नसते. म्हणून त्या सर्वांत आधी मोडकळीस येतात. धर्मशाळेची चार कौले निसटली की पहिल्या पावसात वासा भिजतो, दुसऱ्या पावसात कुजतो. बारवेतला गाळ काढला नाही की झरे बुजतात. इमारत उभी केली आणि माणूस नेमला नाही तर ती इमारत पाच-सात वर्षांची. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला त्यांनी रस्त्यांवर माणसे बसवली होती. महेश्वरच्या आसपास शेतात औत चालू असताना त्यांचा नोकर जाऊन बैल थांबवी आणि त्यांना पाणी पाजी, हे माल्कमने लिहिले आहे. शेतकरी पाखरांना हुसकतात म्हणून उभ्या पिकाची शेते त्यांनी विकत घेऊन पाखरांसाठी सोडली होती, असेही तो सांगतो. विंध्याच्या कड्यावर जामघाटाचा रस्ता त्यांनी मोठ्या कष्टाने आणि खर्चाने करविला.

माल्कमनेच लिहिले आहे की १८१८ साली केदारनाथकडे गेलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला त्या अवघड डोंगरात अहिल्याबाईंनी बांधलेली दगडी धर्मशाळा आणि पाण्याचे कुंड आढळले. बाई जाऊन तेवीस वर्षे झाली होती. मधल्या काळात होळकरांचे राज्य लढायांनी खिळखिळे झाले होते. हिमालयातल्या बर्फाचा विचार करता तेवीस हिवाळे काढलेल्या वास्तूला कोणीतरी पाहत होते असेच म्हणावे लागेल.

लोकांची घरे राखणाऱ्या या बाईंचे स्वतःचे घर मात्र रिकामे होत गेले. मुक्ताबाईचा मुलगा, आजीचा लाडका नातू, ऐन उमेदीत वारला. वर्षभराच्या सुमाराने, १७९१ साली, जावई यशवंतराव फणसेही गेले. मुक्ताबाईने सती जायचे ठरवले. आईने पायाशी लोळण घेतली, देवाची शपथ घातली. मुलीने ऐकले नाही. तुझे वय झाले, थोड्या वर्षांनी तू जाशील, मग मी कोणासाठी राहू, असे तिचे म्हणणे. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याचे शब्द ऐकून अहिल्याबाई मागे फिरल्या होत्या. त्यांच्या शब्दाने मुलगी फिरली नाही. त्यांना नर्मदेच्या काठी उभे राहून ते पाहावे लागले. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि मुलीच्या व जावयाच्या स्मरणार्थ एक सुंदर छत्री बांधायला घेतली. दुःखात त्यांच्या हाताला दुसरे काम ठाऊक नव्हते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वर येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मागे खासगी चालू राहिली. राज्ये आली, गेली. १९४८ साली इंदूर संस्थान विलीन झाले आणि या सर्व देवस्थानांच्या, घाटांच्या, धर्मशाळांच्या देखभालीसाठी १९६२ साली खासगी न्यास स्थापन झाला. दूरदूरच्या शहरांत पसरलेल्या या मिळकतींपैकी काहींच्या विक्रीवरून पुढे वाद उठला. तो न्यायालयात गेला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. मध्य प्रदेशाच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली या न्यासाची नोंदणी व्हावी असा निर्णय झाला. दाता जाऊन सव्वादोनशे वर्षे झाली तरी दानाचा हिशेब असा मागितला जातो, आणि तो मागितला जावा हेच बरे.

महेश्वरच्या वाड्यात नर्मदेच्या मातीची छोटी शिवलिंगे करून, पूजून, पुन्हा नर्मदेत सोडण्याची अहिल्याबाईंची प्रथा अजून चालू आहे. खाली घाटावर सकाळी स्नानाला गर्दी असते. पावसाळ्यात नदी पायऱ्यांवर चढते. ओसरली की पायऱ्यांवर गाळाचा थर राहतो, आणि तो खरवडून, धुऊन काढावा लागतो.